भिंतीतला किरणोत्सर्ग: घाबरायचं कशाला आणि मोजायचं काय

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी सुचवलेला आहे. गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारचे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आले. "ओट्याच्या ग्रॅनाइटमधून रेडिएशन येतं म्हणे, काढून टाकू का?" "आमच्या बिल्डिंगमध्ये राखेच्या विटा वापरल्यात, लहान बाळ आहे घरात, काही धोका?" आणि सोबत एक व्हिडिओ असतो. कुणीतरी काळ्या दगडावर एक छोटं मीटर ठेवतो, ते टिकटिक करतं, आणि मागे भीतीदायक संगीत.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, अणुशास्त्रज्ञ नाही. पण हा विषय आकड्यांचा आहे, आणि आकडे नीट मांडले तर बरीचशी भीती आपोआप गळून पडते. जी उरते ती मात्र गंभीरपणे घ्यावी लागते. तर आज दोन्ही करू.

सुरुवात पायापासून. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून तिच्या मातीत आणि दगडात तीन मंडळी ठाण मांडून बसलेली आहेत: युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४०. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य साधारण ४५० कोटी वर्षं आहे, थोरियमचं १४०० कोटी, पोटॅशियम-४०चं १२५ कोटी. म्हणजे ही मंडळी इतक्यात कुठे जात नाहीत. आणि घर कशाचं बांधतो आपण? मातीचं आणि दगडाचंच. वीट, सिमेंट, वाळू, खडी, फरशी, सगळं जमिनीतून आलेलं. त्यामुळे जगातली प्रत्येक भिंत थोडीफार किरणोत्सारी असते. आजीच्या गावचा मातीचा वाडाही, आणि तुमचा पंधराव्या मजल्यावरचा टू बीएचकेही.

एवढंच कशाला, आपण स्वतःही आहोतच की. आपल्या शरीरात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी छोटा अंश पोटॅशियम-४०. सत्तर किलोच्या माणसात त्यामुळे दर सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटत असतात. एका सेकंदात एक अणू फुटला की त्याला म्हणायचं एक बेकरेल. हे एकक लक्षात ठेवा, आज ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

म्हणजे "हा दगड किरणोत्सारी आहे का?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याचं उत्तर कायम "हो" असंच येतं. विचारायचं ते हे: किती? आणि तो माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने पोचतो?

वाटा दोन आहेत. पहिली गॅमा किरणांची. भिंतीतून ते थेट बाहेर येतात, एक्स-रेसारखे. दुसरी वाट रेडॉनची. युरेनियम टप्प्याटप्प्याने फुटत जातो, मध्ये रेडियम होतो, आणि रेडियमपासून बनतो रेडॉन. रेडॉन हा वायू आहे. ना रंग, ना वास. दगडाच्या छिद्रांतून तो हळूच खोलीत येतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. तो फुटल्यावर पोलोनियमसारखे घन कण तयार होतात, ते हवेतल्या धुळीला चिकटतात, श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात, आणि तिथे आतूनच अल्फा किरण सोडतात. अल्फा किरण बाहेरून आले तर कातडीच त्यांना थोपवते. पण फुप्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तराला ती ढाल नसते. या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत की सगळा गोंधळ होतो.

आता एक गोष्ट सांगतो. स्वीडनची आहे, पण तिचा आपल्या भिंतींशी थेट संबंध आहे.

आज मुंबई-पुण्यात नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बघा. बऱ्याच ठिकाणी मोठे, पांढुरके-राखाडी, हलके ठोकळे दिसतील, ज्यांना आपण एएसी ब्लॉक म्हणतो. आत बुडबुडे भरलेलं काँक्रीट असतं ते. हे तंत्र १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये अ‍ॅक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदाने विकसित केलं. लाकूड महाग होत होतं, थंडी कडाक्याची, त्यामुळे हलकी आणि ऊब धरणारी भिंत हवी होती. तिथे अ‍ॅलम शेल नावाचा काळा पाटीसारखा खडक मुबलक होता. त्यात नैसर्गिक इंधनाचा अंश असल्याने तो जाळता यायचा. तोच जाळून चुनखडी भाजायची आणि उरलेली राखही ब्लॉकमध्ये घालायची. एका दगडात दोन पक्षी. ब्लॉकला निळसर छटा यायची, म्हणून लोक त्याला "निळं काँक्रीट" म्हणू लागले. १९२९ ते १९७५ पर्यंत ते बनत राहिलं आणि काही लाख घरांत गेलं.

अडचण एकच होती. त्या शेलमध्ये युरेनियम होतं. आपण जगभरातल्या बांधकाम साहित्याची सरासरी बघितली तर एका किलोत रेडियम साधारण ५० बेकरेल, थोरियम ५०, आणि पोटॅशियम-४० ५०० बेकरेल असं संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचे आकडे सांगतात. निळ्या काँक्रीटमध्ये रेडियम किती? ठिकाणाप्रमाणे सुमारे ६०० ते २६००.

आणि हे कळलं कधी? १९५६ साली बेंग्ट हुल्टक्विस्ट या संशोधकाने स्वीडिश घरांतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या मोजमापाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेलच्या काँक्रीटची घरं त्यात वेगळी उठून दिसत होती. गॅमाही जास्त, रेडॉनही जास्त. पण उत्पादन थांबलं १९७५ साली. मोजमाप समोर असूनही १९ वर्षं! त्यातच १९७३ चं तेलसंकट आलं. इंधन वाचवायला लोकांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या, हवा येण्याजाण्याचे मार्ग बंद केले. भिंत तीच राहिली, पण खोलीतला रेडॉन वाढला. हा मुद्दा मनात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचंय.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या एएसी ब्लॉकमध्ये अ‍ॅलम शेल नसतं. तंत्र तेच, कच्चा माल वेगळा: बहुतेक ठिकाणी औष्णिक वीज केंद्राची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, आणि सोबत सिमेंट, चुना, थोडं जिप्सम आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड. राख हा निम्म्याहून जास्त वाटा. शिवाय राखेच्या विटा वेगळ्या. सरकारी अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत राखेचं साहित्य वापरणं अपेक्षित आहे. कोराडी, चंद्रपूर, एकलहरे अशी केंद्रं धरली तर महाराष्ट्राचा फार मोठा भाग यात येतो.

राखेत किरणोत्सर्ग कुठून येतो? कोळशात युरेनियम-थोरियम अगदी थोडं असतं. कोळसा जळतो, कार्बन उडून जातो, ही मंडळी मागे राहतात. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के. म्हणजे शंभर किलोतला माल तीसचाळीस किलोत गोळा झाला, प्रमाण दोन-तीन पट वाढलं. साधा हिशेब आहे, दूध आटवल्यासारखा.

मग ती राख धोकादायक का? इथे युरोपात वापरलं जाणारं एक सूत्र उपयोगी पडतं. एका ओळीचं फंक्शन आहे, मला फार आवडलं. एका किलोतल्या रेडियमच्या बेकरेलला ३०० ने भागा, थोरियमला २०० ने, पोटॅशियमला ३००० ने, आणि तिन्ही उत्तरांची बेरीज करा. भिंतीसारख्या मोठ्या प्रमाणात वापरायच्या साहित्यासाठी बेरीज १ च्या आत आली तर त्या साहित्यामुळे मिळणारा जास्तीचा गॅमा डोस वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील असं धरतात. मिलिसिव्हर्ट हे शरीराला होणाऱ्या परिणामाचं माप. तुलनेसाठी सांगतो, जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक सीटी स्कॅन साधारण ६-७ मिलिसिव्हर्टचा.

चला, फंक्शन चालवून बघू. जागतिक सरासरी घाला: ५० भागिले ३००, अधिक ५० भागिले २००, अधिक ५०० भागिले ३०००. उत्तर ०.५८. आता राख. समजा रेडियम ९०, थोरियम ११०, पोटॅशियम ३५०. उत्तर येतं ०.९७. हे झालं शंभर टक्के राखेचं. ब्लॉकमध्ये राख साठ-सत्तर टक्के, त्यामुळे आकडा आणखी खाली येतो. आणि एएसी ब्लॉक आत पोकळ बुडबुड्यांचा, वजनाला साध्या विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. भिंतीत मालच कमी, तर गॅमाही कमी. आता स्वीडनचं निळं काँक्रीट घाला. रेडियम १५०० धरलं तर नुसत्या रेडियमचंच उत्तर ५.

म्हणजे तंत्र एक, ठोकळा दिसायला सारखा, पण एक १ च्या आत आणि एक ५ च्या पलीकडे. फरक पूर्णपणे कच्च्या मालाचा. त्यामुळे "एएसी चांगलं की वाईट" असं सरसकट विधान करता येत नाही. कुठल्या खाणीची, कुठल्या केंद्राची राख, तिचा आकडा काय, हेच विचारावं लागतं.

राखेबद्दल अजून एक दिलासा. भट्टीच्या उष्णतेत तिचे कण वितळून काचेसारखे गोळे होतात. त्यामुळे आत तयार झालेला बराचसा रेडॉन कणातच अडकतो आणि तिथेच फुटतो, खोलीपर्यंत पोचत नाही. जिप्समबाबत मात्र एक फरक ध्यानात घ्या. खाणीतलं नैसर्गिक जिप्सम साधारणपणे स्वच्छ असतं. पण खत कारखान्यात फॉस्फेट खडकापासून उप-उत्पादन म्हणून निघणाऱ्या फॉस्फोजिप्सममध्ये रेडियम उतरतं. ते मोजूनच वापरलं पाहिजे.

आता ग्रॅनाइटचा ओटा. ग्रॅनाइटमध्ये तिन्ही मूलद्रव्यं खरोखरच जास्त असतात. समजा एका नमुन्यात रेडियम १००, थोरियम १२०, पोटॅशियम १२००. फंक्शनचं उत्तर १.३३. अरे बापरे, एकच्या वर! पण थांबा. १ ची मर्यादा संपूर्ण भिंती, छत, जमीन त्याच मालाची असेल तर. फरशी, ओटा असा पातळ थर असेल तर त्याच १ मिलिसिव्हर्टसाठी युरोपीय मार्गदर्शनात मर्यादा ६ धरली जाते, कारण मालच थोडा आहे. अमेरिकेत २००८ साली ग्रॅनाइटच्या ओट्यांवरून अशीच मोठी घबराट झाली होती. तिथल्या पर्यावरण संस्थेचं म्हणणं असं की ओट्यामुळे घरातला किरणोत्सर्ग नेहमीच्या पातळीच्या वर जाण्याची शक्यता फार कमी.

आणि व्हिडिओतल्या टिकटिकीचं काय? ते मीटर एकेक किरण मोजतं. दगडाला चिकटवून धरलं की टिकटिक वाढणारच. पण आपण ओट्याला गाल लावून झोपत नाही. शिवाय ते स्वस्तातलं मीटर खोलीतला रेडॉन मोजतच नाही, आणि आपल्याला काळजी करायची तर ती रेडॉनची.

आपल्या बाजूने निसर्गानेही एक सोय केली आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम, तिन्ही खूप कमी. आपल्या काँक्रीटमधली खडी हीच, आणि हल्ली नदीच्या वाळूऐवजी वापरतात ती क्रश सँडही बऱ्याचदा हाच दगड भरडून केलेली. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे आणि तळकोकणात मात्र जुने वेगळे खडक आहेत, तिथे हे सरसकट लागू करू नका.

बरं, गॅमा जास्त असेल तर माणसांना प्रत्यक्षात काय होतं? यावर भारतातलाच एक महत्त्वाचा अभ्यास आहे. केरळमधल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम. तिथल्या काही भागांत नैसर्गिक गॅमाची पातळी नेहमीच्या कितीतरी पट आहे. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी सुमारे ७० हजार रहिवाशांचा सरासरी दहा वर्षांहून जास्त काळ मागोवा घेतला आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या वाढीव गॅमामुळे कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं त्यात दिसलं नाही. याचा अर्थ धोका शून्य असा काढू नका, फार छोटा धोका अशा अभ्यासात निसटू शकतो. पण तिथल्या तुलनेत आपल्या भिंतीची भर किरकोळ आहे, हे तर नक्की.

रेडॉनचं चित्र वेगळं आहे. तिथे परिणाम दिसतो. युरोपातल्या १३ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००५ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सात हजारांहून जास्त रुग्ण होते. निष्कर्ष असा: घरातल्या हवेत एका घनमीटरमागे रेडॉन १०० बेकरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो.

हा १६ टक्के आकडा ऐकून दचकू नका, पुढचं ऐका. त्याच अभ्यासानुसार, कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाला वयाच्या ७५ पर्यंत या कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता रेडॉन शून्य असेल तर ०.४ टक्के, १०० बेकरेलला ०.५, आणि ४०० ला ०.७. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याची? १० टक्के, १२ टक्के आणि १६ टक्के. दोन्ही रांगा शेजारी ठेवा. रेडॉन आणि धूर एकमेकांना साथ देतात. ओटा फोडून काढायला निघालेल्या घरात कुणी बाल्कनीत उभं राहून सिगारेट ओढत असेल, तर हातोडा आधी कुठे चालवायचा ते ठरवा.

जागतिक आरोग्य संघटना घरातल्या रेडॉनसाठी १०० बेकरेल प्रति घनमीटर ही पातळी सुचवते, आणि ते शक्य नसेल तिथेही ३०० च्या वर नको म्हणते.

आता तो स्वीडनचा धागा. खोलीतला रेडॉन म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी समजा. वरून नळ चालू, खाली बूच उघडं. पातळी किती राहील ते दोन्हींवर अवलंबून. नळ म्हणजे भिंत, बूच म्हणजे खिडकी. एक उदाहरण करू. खोली दहा बाय बारा फूट, उंची दहा. समजा, प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागातून तासाला ५ बेकरेल रेडॉन बाहेर पडतो. खोलीतली हवा तासाला एकदा पूर्ण बदलत असेल तर भिंतींमुळे रेडॉन होतो साधारण ९ बेकरेल प्रति घनमीटर. तीच खोली, त्याच भिंती, पण खिडकी घट्ट बंद आणि हवा दहा तासांत एकदाच बदलते. उत्तर ८८. जवळजवळ दहापट. भिंतीला हातही न लावता!

आता आपली रात्र आठवा. स्लायडिंग खिडकी बंद, दाराखाली फट नाही, एसी चालू. घरातला स्प्लिट एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची आणत नाही. जुन्या चाळीत, कौलारू घरात हवा नको म्हटलं तरी येत होती. आपण नवी घरं बंदिस्त करत चाललोय, वीज वाचवायला आणि धूळ-आवाज टाळायला. कारणं रास्त आहेत, १९७३ नंतर स्वीडनचीही रास्तच होती.

एक भेद आणखी. तुम्ही तळमजल्यावर किंवा बंगल्यात राहत असाल तर रेडॉनचा मोठा स्रोत भिंत नसून खालची जमीन असते. याचं प्रसिद्ध उदाहरण १९८४ चं, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं. लिमरिक अणुवीज केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं, आणि स्टॅनली वॉट्रस हा तिथला अभियंता कामावर आला की किरणोत्सर्गाचा भोंगा वाजायचा. तपासणीत कळलं की तो किरणोत्सर्ग घरून घेऊन येतोय! त्याच्या घरात एका घनमीटरमागे सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन होता, खालच्या खडकातून आलेला. जमिनीखालची हवा पाइपने खेचून बाहेर सोडण्याची व्यवस्था केली आणि कुटुंब पुन्हा त्याच घरात राहायला आलं. वरच्या मजल्यांवर जमिनीचा रेडॉन फारसा पोचत नाही, तिथे भिंतींचा वाटा महत्त्वाचा ठरतो.

मग करायचं काय? एक: ओटा, फरशी काढू नका. दोन: झोपायच्या खोलीत दिवसातून दोनदा तरी समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा, आणि एसी लावायच्या आधी तर नक्की. एक्झॉस्ट पंखा असेल तर तो हवा बाहेर टाकतो, पण आत यायला फट ठेवा. तीन: तळमजला असेल तर जमिनीतल्या भेगा, पाइपांभोवतीची भोकं बुजवा. चार: शंका असेल तर मोजा. रेडॉन दिवसागणिक आणि ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय नको. दोन-तीन महिने ठेवायचे फिल्म डिटेक्टर असतात, तो आकडा भरवशाचा. पाच: घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती सोडवणं हा या यादीतला सगळ्यात मोठा उपाय आहे.

आणि सहावी गोष्ट, जी एकट्यादुकट्याने होणारी नाही. विटेची ताकद किती, पाणी किती शोषते, याचे रिपोर्ट बिल्डरकडे मागितले तर सहसा मिळतात. बेकरेलचा रिपोर्ट कुणी मागतच नाही. सोसायटी म्हणून, नव्या प्रकल्पाचे ग्राहक म्हणून, तो मागायला सुरुवात करा. बहुतेक वेळा आकडा १ च्या आतच येईल, आणि मग राखेच्या विटेवरचा संशयही जाईल. राख तळ्यात पडून हवेत-पाण्यात जाण्यापेक्षा भिंतीत बंद झालेली केव्हाही बरी. पण एखाद्या खेपेचा आकडा ५ आला, तर तो भिंत बांधायच्या आधी कळायला हवा. स्वीडनमध्ये आकडा कळल्यावरही १९ वर्षं ठोकळे बनत राहिले, आणि त्या भिंतींत आजही लोक राहतात.

आजच्यासाठी एवढंच. खिडकी उघडा, आणि भेटू पुढच्या भागात.